नमनाची तबकडी

हिंगणघाटात कोणाला एखादं वेड लागलं तर लोक फारसं मनावर घेत नसत. गावात कापूस होता, गिरण्या होत्या, चार पैसे खेळत होते. कोणी कबुतरं पाळी, कोणी पहिलवान पाळी. पण अण्णाजीने रेकॉर्डची कंपनी काढली तेव्हा मात्र बाजारातल्या लोकांनी हातातलं काम खाली ठेवलं. कंपन्या मुंबईत निघतात, कलकत्त्यात निघतात. कंदिलाच्या काचा, सायकलच्या ट्यूबा आणि ग्रामोफोनच्या सुया विकणाऱ्याने हे कुठलं खूळ डोक्यात घेतलं?

तसा अण्णाजी चिक्कू माणूस. दुकानात आलेल्या पाहुण्याला तो चहा विचारायचा तेही पाहुणा उठून चप्पल घालायला लागल्यावर. असा माणूस एका गाण्यापायी वाहून गेला, हे त्याच्या बायकोला, आनंदाबाईला, शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

झालं असं, की एक्कावन्न साली हंगाम संपताना कापसाच्या जिनच्या आवारात दंडार उभी राहिली. दंडार म्हणजे आपल्याकडचा गाण्यांचा आणि सोंगांचा खेळ, समई लावून सुरू होतो तो उजाडेपर्यंत चालतो. अण्णाजी सर्वांच्या मागे पान जमवत उभा होता. गाणारा होता पुनाजी मडावी, जामजवळच्या एका खेड्यातला गोंड माणूस. घरी गोंडी बोलायचा, दंडारीत वऱ्हाडी गायचा, आणि हंगामात जिनमध्ये सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकायचा. त्याने सूर धरला, "वणामाय, तुह्या थडीवर दिवा लावला कोनं?" मागून तानबा आणि कवडू या त्याच्या दोन झीलकऱ्यांनी झील उचलली, "कोनं गा, लावला कोनं?" अण्णाजीचं पान हातातच राहिलं.

वणा ही हिंगणघाटची नदी. अण्णाजीचा थोरला भाऊ लहानपणीच तिच्या पुरात गेला होता. त्यांची आई पुढे मरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला थडीवर जाऊन बसायची आणि घरचे तिला हाताला धरून परत आणायचे. पुनाजीच्या गाण्यातही एक आई होती. तीही बुडालेल्या पोराला थडीवर शोधत फिरते, आणि रोज तिला तिथे लावलेला दिवा दिसतो. कोणी लावला, असं गाणं कडव्यामागून कडवं विचारत जातं. शेवटच्या कडव्यात कळतं की दिवा त्या पोरानेच लावलाय, चिखलात आईचा पाय घसरू नये म्हणून.

अण्णाजी जिनच्या भिंतीकडे तोंड करून रडला, चांगला हुंदके देऊन रडला. घरी जाऊन त्याने आनंदाबाईला सगळं सांगितलं, पण सांगितल्यावर ते एवढंसंच उरलं. "बरं हाय," ती म्हणाली आणि तिने कूस बदलली. तेव्हाच अण्णाजीला कळलं की हे आपण सांगून भागणार नाही, ते पुनाजीच्याच तोंडून ऐकवलं पाहिजे. आणि पुनाजीच्या छातीत तर कापूस बसायला लागला होता. दोन कडव्यांच्या मध्ये तो तोंडावर उपरणं धरून खोकायचा.

म्हणून कंपनी निघाली. तिचं नाव 'वणामाय रेकॉर्ड'. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर नदीची थडी आणि तिच्यावर एक पणती छापलेली. हात बसावा म्हणून अण्णाजीने आधी लग्नातल्या बँडची एक तबकडी काढली आणि एका हरदासाची एक. त्या दोन्ही अजिबात खपल्या नाहीत. आनंदाबाईने त्या लोणच्याच्या बरण्यांवर झाकायला घेतल्या आणि त्या कामाला बऱ्या आहेत असं शेजारणींना सांगितलं.

अण्णाजीचा जीव मात्र तिसऱ्या तबकडीत अडकला होता. त्रेपन्नच्या हिवाळ्यात मुंबईचे रेकॉर्डिंगवाले मशीन घेऊन नागपूरला येणार होते. अण्णाजीने एका तबकडीपुरता, म्हणजे दोन बाजूंपुरता, वेळ मिळवला. एका बाजूवर तीन मिनिटांचंच गाणं मावतं. म्हणून दर सुटीच्या दिवशी दुकानात गजराचं घड्याळ समोर ठेवून सराव चालला. अर्धं गाणं एका बाजूवर, अर्धं दुसऱ्या.

"गानं का कापसाची गाठ हाय, दाबून बसवाले?" पुनाजी कुरकुरायचा.

"बसते, पुनाजी. तू म्हन तं खरं."

आणि ते बसलं. शेवटच्या सरावाला तर घड्याळात थोडा वेळ उरला. अण्णाजीने त्या दिवशी पाहुणे बसायच्या आतच चहा मागवला.

नागपुरात खोलीच्या खिडक्यांवर रजया टांगल्या होत्या. एका काचेमागे मशीनवाला बसला होता. त्याने समजावून सांगितलं की हा लाल दिवा लागला की गायचं आणि विझला की थांबायचं. तबकडी एकदा कोरली की कोरली, ती पुसता येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णाजी काचेच्या अलीकडे उभा राहिला.

लाल दिवा लागला. पुनाजीने दिव्याकडे पाहिलं, पागोटं सारखं केलं आणि हात जोडले.

दंडारीत समई लागली की खेळ सुरू होतो, आणि खेळ सुरू झाला की आधी नमन. सरावाला दिवा लावत नाहीत, म्हणून सरावाला नमनही नसतं. इतके दिवस घड्याळ लावून बसले, पण ही गोष्ट ना अण्णाजीला सुचली ना पुनाजीला. दोघांच्याही ती इतकी अंगवळणी पडली होती की तिचा वेगळा विचार करावा लागेल हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पुनाजीने गणराजाला नमन केलं, शारदेला केलं. गोंडांच्या बडादेवाला, गावच्या मारोतीला, शिवेवरच्या मायला, वणामायला केलं. गुरूला, आईबापाला, गाडी ओढून आणणाऱ्या बैलांनाही केलं. आवाज असा लागला होता की मशीनवाला खुर्चीत पुढे सरकला. पण हे ठरलेलं गाणं नव्हे एवढं त्यालाही कळलं आणि त्याने काचेतून अण्णाजीला खूण केली, थांबवू का?

अण्णाजीचे डोळे मिटलेले होते आणि हात जोडलेले होते. नमन चालू असताना आपल्याकडचा माणूस दुसरं करणार तरी काय? "नमन आमच्या अण्णाजीले" असं पुनाजी म्हणाला तेव्हा तर त्याने मानही खाली घातली. त्याने डोळे उघडले ते दिवा विझल्यावर.

"गाना कहाँ है भाई?" मशीनवाल्याने दार उघडून विचारलं.

अण्णाजी पुनाजीकडे वळला. "पुनाजी, अरे, नमन काऊन केलं?"

पुनाजीने विझलेल्या दिव्याकडे बोट केलं. "दिवा लागला ना, अण्णाजी. नमन केल्याबिगर तोंड कसं उघडू?"

"बरं, झालं ते झालं. आता एकच बाजू राह्यली. आता सीधं गानं म्हन."

"ते नमन त्या दिव्याचं झालं. तो दिवा तं इझला."

पुनाजीचं खरं होतं, हे अण्णाजीलाही पटलं. त्याने आणखी एक तबकडी मागून पाहिली. मशीनवाल्याने बाहेर बोट दाखवलं. टांग्यात पुढची गाणारी बाई येऊन बसली होती आणि उरलेल्या तबकड्या तिच्या नावाच्या होत्या.

"मंग निदान थोडक्यात कर, बाबा," अण्णाजी काकुळतीला येऊन म्हणाला.

पुनाजीने खरोखर थोडक्यात करायचं ठरवलं. पण थोडक्यात म्हणजे वगळायचं कोणाला? बडादेव सोडला तर घरचे विचारतील, मारोती सोडला तर गाव विचारील. त्याने कोणालाच सोडलं नाही, फक्त घाई केली. खोकला दाबत, एकामागून एक नावं घेत तो शेवटाला आला आणि त्याने सूर धरला, "वणामाय, तुह्या थडीवर दिवा लावला कोनं?" तानबा-कवडूंनी झील उचलली, "कोनं गा, लावला कोनं?" पुनाजीने पहिल्या कडव्यासाठी श्वास घेतला आणि लाल दिवा विझला.

परतीच्या गाडीत कोणी कोणावर रागावलं नाही. पुनाजी तेवढा म्हणाला, "पुढच्या साली त्याईले दिवा जरा आंधी लावाले सांगजा." अण्णाजीला रडू येत होतं आणि तरी तो हसला.

मुंबईवाल्यांना तबकडी छापायचा शब्द दिला होता, त्यामुळे ती छापून आली. लोकांनी हौसेने नेली, हात जोडून ऐकली आणि परत आणून दिली. "नमनालाच घडाभर तेल म्हणतात," बाजारातले लोक म्हणायचे, "अन् अण्णाजीचा तं घडा तिथंच रिकामा." अण्णाजी मान खाली घालून सायकलच्या ट्यूबा मोजत बसायचा.

मग एक दिवस लाउडस्पीकरवाला बंडूजी दुकानात आला. त्याने पहिली बाजू ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "अण्णाजी, लग्नात शिनमाचं गानं लावाच्या आंधी देवाचं कायतरी पाह्यजे ना. हे झ्याक हाय." त्या वर्षी हिंगणघाटपासून जामपर्यंत एक मांडव असा नव्हता की जिथे पुनाजीचं नमन वाजलं नाही. बंडूजीचं पाहून इतर लाउडस्पीकरवाले आले. अण्णाजीने तबकड्या पुन्हा मागवल्या, मग आणखी मागवल्या. कंपनी चालली. दुसरी बाजू कोणी लावत नसे. ज्या गाण्यासाठी सगळा खटाटोप केला त्याची ओळही कोणाला ठाऊक नव्हती.

पुनाजीने आपला आवाज पहिल्यांदा ऐकला तो पुतणीच्या लग्नात. वऱ्हाडी मंडळी हात जोडून उभी राहिली होती. नमन संपलं आणि बंडूजीने सिनेमाचं गाणं लावलं. पुनाजी दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि दारातच उभा राहिला.

"आवाज चांगला आला, अण्णाजी."

"आला ना."

"मंग माहं गानं कवा?"

"या हिवाळ्यात," अण्णाजी म्हणाला, आणि तसं त्याच्या मनातही होतं. पण त्या हिवाळ्यात मशीनवाले नागपूरला आलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबईला यायला कळवलं, तेव्हा हंगाम ऐन भरात होता आणि पुनाजीला जिन सोडवेना. त्याच्या पुढच्या वर्षी अण्णाजी तिकिटं काढून त्याच्या दारात उभा राहिला. पुनाजीने सूर धरून दाखवला. आतून नुसती हवा आली. त्याची बायको जिजा चुलीपाशी बसून ऐकत होती, तिने पदर तोंडाला लावला.

"नुसतं बोलून सांग," अण्णाजी म्हणाला. "मी दुसऱ्या कोनाच्या गळ्यातून काढतो. शब्द तं राहीन."

पुनाजीने डोळे मिटले, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला, बराच वेळ प्रयत्न केला. "गाऊन येते, अण्णाजी," तो शेवटी म्हणाला. "बोलून नाई येत."

तानबा-कवडूंना विचारलं तर त्यांना झील तेवढी पाठ. कडवी पुढच्याने म्हणायची असतात आणि मागच्याने ती ध्यानात ठेवायची नसतात, अशी त्यांची रीत. जिजाला खेळाआधी मंडळींच्या भाकरी थापाव्या लागत, तिला पहिल्याच गाण्याला झोप लागायची. आणि अण्णाजी? त्याने ते गाणं कितीदा तरी ऐकलं होतं. पण दर वेळी तो रडला होता, आणि रडताना माणूस शब्द ऐकत नाही. पोराने आईसाठी दिवा लावला एवढं त्याला सांगता येत होतं. तेवढं तर त्याने आनंदाबाईलाही सांगून पाहिलं होतं.

पुढे सिनेमातच देवाची गाणी बक्कळ यायला लागली आणि बंडूजीने नमनाची तबकडी नेणं बंद केलं. अण्णाजीने कंपनीची पाटी उतरवली. पुनाजी अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात गेला.

तेरवीला अण्णाजी मोटारीने जामला उतरला आणि ग्रामोफोन डोक्यावर घेऊन उन्हातून खेड्यात चालत गेला. जिजाने निरोप पाठवला होता, त्याईचा आवाज आयकाचा हाय. अंगणात माणसं बसली होती. तानबा आणि कवडू भिंतीला टेकून बसले होते, दोघेही पुरते म्हातारे दिसत होते.

अण्णाजीने चावी दिली आणि तबकडी लावली. गणराज झाले, शारदा झाली, बडादेव झाला. अंगणातल्या सगळ्यांनी हात जोडले. "नमन आमच्या अण्णाजीले," पुनाजी म्हणाला, आणि अण्णाजीला मान वर करवेना. मग त्याने दुसरी बाजू लावली. पुन्हा तेच नमन, घाईघाईचं. मग ती ओळ आली, वणामाय, तुह्या थडीवर दिवा लावला कोनं?

तबकडीतल्या तानबा-कवडूंनी झील उचलली आणि भिंतीजवळच्या तानबा-कवडूंनीही उचलली, कोनं गा, लावला कोनं? तबकडी गाण्यावाचून फिरत राहिली. दोघांनी रीतीप्रमाणे झील पुन्हा एकदा घेतली आणि थांबले. आता कडवं पुढच्याने म्हणायचं होतं. तबकडीच्या मधोमध त्या छापलेल्या पणतीपाशी सुई खरखरत होती. सगळं अंगण हात जोडून वाट पाहत होतं.

"पुढचं लावा ना, अण्णाजी," जिजा म्हणाली.

अण्णाजीने सुई उचलली. तबकडी उलटी केली, पुन्हा चावी दिली आणि पहिली बाजू लावली. पुनाजीने गणराजाला नमन केलं.