अर्धा आटा जास्त

मी एक जुना कान आहे. दचकू नका मित्रांनो, माणसाचा नव्हे, मोटारीचा. गॅरेजवाले मला नॉक सेन्सर म्हणतात. आकाराने मी कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. मधोमध एक भोक, त्यातून जाणारा एकच बोल्ट आणि मागे शेपटीसारखी वायर. दिसायला मी काही नाही. पण जगात कुणी शिंपी होतं, कुणी शिक्षक होतं, तसा मी संशयी झालो. संशय हाच माझा धंदा. आवाज आला की आधी शंका घ्यायची, एवढंच मला शिकवलं होतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात चिनी मातीच्या बशीसारखी एक पातळ चकती बसवली. तिला हादरा बसला की ती विजेचा बारीकसा झटका सोडते. जन्मल्या जन्मल्या मला एका यंत्रावर ठेवून गदागदा हलवलं. एका बाईंनी काट्याकडे बघून सांगितलं की हा चांगला तिखट कानाचा निघाला. आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मला लगेच शंका आली की या बाई सगळ्यांनाच असं सांगत असणार.

मग एका मोटारीच्या इंजिनाच्या अंगावर मला बसवलं. मित्रांनो, इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र दाबतात, वर ठिणगी पाडतात आणि त्या भडक्यावर गाडी पळते. सगळं वेळेवर झालं तर आवाज गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा सरळ येतो. पण कधी पेट्रोलला तो दाब सोसवत नाही. मग ते ठिणगीला न जुमानता मनानेच भडकतं. तेव्हा पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत असा आवाज होतो आणि इंजिन आतून झिजत जातं. तो आवाज आला की मी गाडीच्या डोक्याला कळवायचं. हे डोकं म्हणजे एक चौकोनी कॉम्प्युटर, भारीच हलक्या कानाचा. मी काही म्हटलं की याने मान डोलावलीच. तो ठिणगी जरा उशिरा पाडतो, गाडीचा जोर कमी होतो, पण इंजिन वाचतं.

इथेच लोकांचा एक मोठा गैरसमज सांगून टाकतो. महागड्या पेट्रोलवर जो मोठा आकडा लिहितात, तो जोराचा नव्हे, सोसण्याचा आकडा आहे. हे पेट्रोल किती दाब गुमान सोसेल, एवढंच तो सांगतो. साध्या इंजिनात मुळात दाबच कमी, तिथे महागडं ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आमची गाडी मात्र वेगाची, हवा कोंबून भरणारी. तिच्या टाकीच्या झाकणामागे चिठ्ठीच चिकटवली होती, 'सत्त्याण्णव किंवा अधिक'.

आमचे मालक कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होते. कुलूप लावायचं आणि तीनदा ओढून बघायचं, हे त्यांचं दिवसभराचं काम. घरी आले तरी हात थांबत नसे. बंद नळ पुन्हा पिळायचे. बरणीचं झाकण असं लावायचे की फडक्याने धरूनही दुसऱ्याला उघडू नये. गॅरेजमधून गाडी आणली की स्वतः पाना घेऊन बसायचे आणि हाताला लागेल तो बोल्ट आणखी अर्धा आटा आवळायचे, कारण त्यांच्या मते दुनिया सगळं ढिलं सोडते. गॅरेजातली मंडळी त्यांना पाठीमागे अर्धाआटेसाहेब म्हणायची. मला ते ऐकू यायचं. मालकांना यायचं की नाही, कोण जाणे.

लग्न त्यांनी केलं नाही. मुलीकडच्यांची चौकशी संपेपर्यंत मुलीचं दुसरीकडे जमून जायचं. त्यांच्या मायेचं माणूस म्हणजे एक मोठी बहीण, ताई. आई गेली तेव्हा मालक नऊ वर्षांचे होते. ताईनेच त्यांना वाढवलं, लग्नानंतरही आपल्याबरोबर ठेवलं. ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा, शहराबाहेरच्या चढाच्या पायथ्याशी पेट्रोलपंप होता आणि घर चढाच्या माथ्यावर. दर रविवारचं ठरलेलं होतं. पायथ्याशी पेट्रोल भरायचं, तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढायचा आणि वर ताईच्या हातचं जेवायचं. आठवड्यातून तेवढा एकच दिवस मालक गाडीत गुणगुणायचे.

दाजी मोठे अजब गृहस्थ. एक शिक्षिका आपली चिमुकली गाडी घेऊन यायच्या आणि महागडं पेट्रोल मागायच्या. दाजी त्यांना दर वेळी समजावायचे की बाई, तुमच्या गाडीला याचा काडीचाही उपयोग नाही, साधंच घ्या. हे ऐकून मी कान टवकारायचो. दुकानदार असून महागाचं नको म्हणतो? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. मालकांच्या मनातही तेच येत असणार. कारण पेट्रोल सोडण्याआधी दाजी सवयीने "शून्य बघ रे" म्हणायचे आणि मालक घरचाच पंप असूनही खाली उतरून, मीटरला नाक लावून, खरोखर शून्य बघायचे. दाजी हसून सोडून द्यायचे.

त्या काळात मी कामाला चोख होतो. एकदा दूरच्या प्रवासात टाकी रिकामी झाली. आडबाजूच्या पंपावर साधंच पेट्रोल होतं, तेच भरावं लागलं. पहिल्याच घाटात खडे वाजायला लागले. मी ओरडलो, डोक्याने ऐकलं, गाडी जराशी मंदावली आणि इंजिन सुखरूप घरी आलं. मालकांनी बॉनेटवर थाप मारून गाडीचं कौतुक केलं. माझं नाव कुणी काढलं नाही. कान शाबूत असताना त्याची आठवण कुणाला होते, मित्रांनो?

पुढे एकदा गॅरेजने गाडीची एक नळी बदलली. त्यासाठी मला काढून पुन्हा बसवलं होतं, अगदी नीट. गाडी घरी आल्यावर मालकांनी नेहमीप्रमाणे पाना घेतला. माझ्या बोल्टपाशी आले. बोल्ट म्हणत होता पुरे. मालक म्हणत होते अजून अर्धा. माझ्या पोटात कट् झालं. केसाएवढा तडा गेला.

मला तेव्हा काहीच उमगलं नाही. उलट वाटलं, आपली श्रवणशक्ती वाढली. जिकडेतिकडे मला खडे ऐकू यायला लागले. इंजिनातली साखळी सळसळली, खडे. झडप टिकटिकली, खडे. रस्त्यावरचा खड्डा, तोही खडेच. मी बोंब ठोकत राहिलो, हलक्या कानाचं डोकं विश्वास ठेवत राहिलं आणि गाडी मरगळत गेली. ताईकडचा चढ तिला तिसऱ्या गिअरमध्ये जाईना.

मालकांचा संशय थेट पेट्रोलवर गेला. त्यांनी वही केली. तीन वेळा दाजींकडचं महागडं भरलं, तीन वेळा साधं, तीन वेळा दुसऱ्या पंपावरचं. दर वेळी तो चढ चढून गिअर लिहिला. दुसरा, दुसरा, दुसरा. कुठेही फरक नाही. कसा असणार? पेट्रोल कोणतंही असो, माझी बोंब तीच होती. शहाण्या माणसाने यावरून दोष गाडीत शोधला असता. आमच्या मालकांनी ठरवलं की महाग आणि साधं एकच आहे, दाजी दोन्ही टाक्यांत एकच भरतात आणि दुसरा पंपवालाही त्याच माळेचा मणी. आणि मी? मी मालकांच्या बाजूने होतो. मला त्या 'साधंच घ्या'चा अर्थ आता लागला, असं वाटलं: दोन्ही एकच, म्हणून तर साधं घ्यायला सांगतात.

रविवारी पंपावर गर्दी असताना मालकांनी सगळ्यांदेखत तोंडावर विचारलं. दाजींनी आतून दोन उंच काचेचे जार आणले, दोन्ही नळ्यांचं पेट्रोल वेगवेगळं भरलं, पेट्रोलचा दाटपणा मोजणारा तरंगकाटा सोडून दोन वेगळे आकडे दाखवले. दोन वेगळी पेट्रोलं आहेत, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मालक म्हणाले, "जार तुमचेच ना, दाजी?"

दाजींनी जार रिकामे केले, फडक्याने पुसले. मग हळूच म्हणाले, "आज वर जेवायला जाऊ नकोस. तिथलं मीठही माझंच आहे."

संध्याकाळी ताईचा फोन आला. मालक गाडीतच बसून होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. "इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवलास आणि चार लोकांत त्यांना चोर केलंस," एवढं म्हणाली. "आता ते बोलावतील तेव्हा ये."

दाजींनी बोलावलं नाही. तोंडातून गेलेला शब्द गावभर झाला. त्या पंपावर भेसळ आहे, खुद्द मेव्हणाच म्हणतोय, असं लोक एकमेकांना सांगू लागले आणि दाजींची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. इकडे मालकांच्या रविवारचं मातेरं झालं. ते गाडी काढायचे, चढाच्या पायथ्याशी पंपासमोर रस्त्याच्या पलीकडे थांबवायचे, इंजिन चालू ठेवून बसायचे आणि परत फिरायचे. असे चौदा महिने गेले. गुणगुणणं बंद झालं होतं. मला फार वाईट वाटायचं. पण खडे तर ऐकू येतच होते, मग ओरडण्याशिवाय मी काय करणार?

शेवटी गाडी फारच पेट्रोल प्यायला लागली, तेव्हा मालक एका नव्या गॅरेजात गेले. तिथली मेकॅनिक पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई होती. तिने गाडी जागेवर संथ चालू ठेवली आणि आपल्या पडद्याकडे बघत राहिली. मी ओरडतच होतो. उभ्या गाडीत, काही ओझं नसताना, खडे वाजतीलच कसे, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग इंजिन बंद करून माझ्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो किंचाळत सुटला.

"हा कुणी आवळला?" तिने विचारलं.

"मीच," मालक जरा ऐटीतच म्हणाले. "लोक ढिलं सोडतात."

तिने मला उजेडात धरलं. "याला ठरलेलाच जोर लागतो. कमी पडला तर ऐकू येत नाही, जास्त झाला तर नाही नाही ते ऐकू येतं. हा बघा तडा."

मालकांनी विचारलं, "आणि पेट्रोल?"

"त्याला काय झालंय? चांगलं आहे की."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझं सगळं आयुष्य आठवलं. चौदा महिने मी ज्याला चोर म्हणत होतो, तो चोर नव्हता. खडे माझ्याच पोटात होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाईने माझ्या जागी नवा कान बसवला. तिच्याकडे जोर मोजणारा पाना होता. तो ठरल्या जागी टक् वाजला आणि ती थांबली. मालकांचा हात सवयीने पुढे गेला. तिने नुसतं बघितलं. मालकांनी हात मागे घेतला, मला उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. तिथून मला त्यांच्या छातीतली ठकठक ऐकू आली. ही मात्र अगदी खरी होती. पण माझी वायर सुटली होती, मी कळवणार कुणाला?

मालक मुद्दाम रविवारची गर्दी बघून पंपावर गेले. दाजी स्वतःच नळी घेऊन आले. आवाज परक्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा होता. "शून्य बघून घ्या."

मालक उतरले. मीटरकडे पाठ करून उभे राहिले. मला खिशातून काढून दाजींच्या तळहातावर ठेवलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मीच आवळून याला फोडलं, दाजी. खोट माझ्या गाडीत होती. तुमच्या पेट्रोलात कधीच नव्हती."

रांगेत कुजबुज झाली आणि थांबली. दाजींनी मला बोटांनी चाचपलं. तड्यावरून नख फिरवलं.

"कोणतं भरू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही द्याल ते."

नळी टाकीत गेली. मीटर फिरत राहिला. मालकांनी एकदाही मान वळवली नाही. मला दाजींच्या मुठीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो सुरुवातीला जड होता, मग सरळ झाला. टाकी भरल्यावर दाजींनी झाकण लावलं आणि म्हणाले, "आता नीघ. तुझी ताई बाराला पानं घेते." मग मागून हाक मारून म्हणाले, "आणि मीठ कमी वाटलं तर मागून घे रे."

गाडी सुरू झाली आणि चढाला लागली. दूरवरून मी ऐकलं. तिसराच गिअर होता, मित्रांनो, माथ्यापर्यंत.

आता मी दाजींच्या टेबलावर, त्या दोन जारांशेजारी, पावत्यांवर वजन म्हणून बसतो. कुणी येऊन महागडं पेट्रोल घ्यावं का विचारलं, की दाजी त्याला आधी स्वतःच्या टाकीच्या झाकणामागची चिठ्ठी वाचून यायला सांगतात. तिथे मोठा आकडा असेल तर जरूर घ्या. नसेल तर साधंच पुरे. माझी विनवणी तेवढीच आहे. आणि बोल्ट जिथे पुरे म्हणतो, तिथे हात थांबवा. माणसांच्या बाबतीतही.

जन्माची खोड काही जात नाही. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ रोज दुपारी जरा चुकीचं टिकटिकतं, असा मला दाट संशय आहे. पण हल्ली मी आधी माझ्या तड्याला विचारतो. तो काही सांगत नाही. मग मीही गप्प बसतो.