लाजलेल्या नऊ माद्या

फोर्तुनातो जन्मापासून अल्पाकांच्या, म्हणजे लांब मानेच्या लोकरी जनावरांच्या कळपात वाढला होता. तरीही मूर्ख बनायला त्याला शहरात जाऊन पशुपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. प्रमाणपत्र घेऊन परतताना त्याने दोन चांगल्या माद्या देऊन एक पांढराशुभ्र नरही आणला, प्रिन्सिपे.

"आता कळप सगळा पांढरा होणार, पांढऱ्या लोकरीलाच भाव आहे," त्याने बायकोला, बासिलियाला सांगितलं. "तुझा ओसो म्हातारा झाला. प्रिन्सिपेची पिल्लं झाली, की याचं मटण सुकत घालू."

ओसो हा त्यांचा तपकिरी नर. त्याची आई मेली तेव्हा बासिलियाने त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. त्या दिवशी तिने केलेल्या सूपमध्ये मीठ नव्हतं.

नव्या नराला पंधरा दिवस एकांतात विश्रांती द्यावी, असं प्रशिक्षणातल्या मास्तरांनी शिकवलं होतं. दगडी कुंपणाचं वेगळं आवार एकच होतं, ओसोचं. ते प्रिन्सिपेला मिळालं आणि ओसोला फोर्तुनातोने सोडलं माद्यांमध्ये. म्हातारा, काय करणार आहे!

सोळाव्या दिवशी त्याने प्रिन्सिपेला माद्यांपुढे नेलं. मादीची तयारी असली की ती खाली बसते. गाभण असली की लाथा झाडते आणि थुंकते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नऊच्या नऊ माद्या थुंकल्या. हिरवी, आंबूस पिचकारी प्रिन्सिपेपेक्षा फोर्तुनातोच्याच टोपीवर जास्त उडाली.

"गाभण आहेत त्या," बासिलिया म्हणाली.

"याने अजून स्पर्शही केला नाही, गाभण कशा होतील? एवढा रुबाबदार नर बघून लाजतायत!"

"लाजल्यावर थुंकतात? लग्नात मी थुंकले होते का तुझ्यावर?"

"प्रमाणपत्र कोणाकडे आहे?"

यावर बासिलियाने हात जोडले. फोर्तुनातोने एकेकीला मानेला धरून प्रिन्सिपेसाठी खाली बसवलं, आणि वस्तीभर सांगत सुटला, की पुढच्या कार्निव्हलला पांढऱ्या पिल्लांच्या बापाच्या कानांत मानाचे लाल गोंडे ओवायचेत, सगळ्यांनी यावं.

साडेअकरा महिन्यांनी पहिलं पिल्लू तपकिरी निघालं. ओलं आहे, वाळलं की उजळेल, असं त्याने स्वतःला समजावलं. नववं वाळेपर्यंत त्याचं सगळं ज्ञान वाळलं होतं.

कार्निव्हलला सगळे आले. एवढं आमंत्रण कोण सोडतो! म्हाताऱ्या निकांदेर काकांनी चिचाचा, मक्याच्या दारूचा, पेला हातात धरून विचारलं, "काय रे, पांढरी पिल्लं चरायला गेलीत का?"

फोर्तुनातो गोंडे घेऊन निघाला, तो प्रिन्सिपेला ओलांडून थेट ओसोकडे. त्याच्या कमरेला सुरी होती. बासिलिया धावत मध्ये आली आणि ओसोच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पाहून फोर्तुनातोला जी शरम वाटली, ती नऊ तपकिरी पिल्लं पाहूनही वाटली नव्हती. आपण हिचं लेकरू खायला निघालो होतो.

"मास्तर," गुडघे टेकून तो ओसोला म्हणाला, "चुकलो."

त्याने एका कानात गोंडा ओवला, दुसऱ्यात ओवायला गेला, तोच ओसो भसकन त्याच्या तोंडावर थुंकला. लोक पोट धरून हसले. तोंड पुसत फोर्तुनातोही हसला.

"नऊ जणींनी सांगून पाहिलं," बासिलिया डोळे टिपत म्हणाली, "तुला कळायला हा दहावा लागला."

त्या दिवशी सूपमध्ये मीठ बरोबर होतं.