इंजिनामागची फुसफुस

“एमिल, तो दिवा परत लागलाय,” माझ्या गॅरेजसमोर गाडीतून उतरता उतरताच थेल्मा म्हणाली. “आणि महिनाअखेरीला माझ्या गाडीची सरकारी तपासणी आहे. इंजिनाचा दिवा लागलेला असला की पास झाल्याचं स्टिकर देत नाहीत, तुला माहितीये.”

“मला नको शिकवूस. चाळीस वर्षं तेच करतोय,” मी म्हणालो. मी तोंडाचा फटकळ आहे, आणि हा आपला गुणच आहे असं कित्येक वर्षं समजत आलो.

तिचा मुलगा कर्टिस शेजारच्या सीटवरच बसून राहिला. पोलादाचा कारखाना बंद पडला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तो आईकडे राहायला आला. आल्या आल्या त्याने तिच्या गाडीचा एअर फिल्टर धुतला, त्याला तेल लावलं आणि परत बसवला. पंधरा दिवसांत दिवा लागला. तेव्हा मी कोड वाचायचं मशीन जोडलं. पेट्रोल कमी, हवा जास्त, असा कोड आला. फिल्टर तेलकट दिसला आणि मी निकाल देऊन मोकळा झालो: जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलंय. सेन्सर साफ केला, कोड पुसला, दिवा गेला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात आम्ही लेंटच्या उपवासातल्या विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, करत होतो आणि मला चेव आला. “कर्टिसने फिल्टरला एवढं तेल पाजलंय,” मी म्हणालो, “की आपल्या सगळ्या पिरोगी त्यात तळून निघतील!” वीस बायका हसल्या, पाद्रीसुद्धा हसले. कर्टिसने हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि तो जिना चढून निघून गेला.

थेल्माने आता आवाज खाली आणला, तसं मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. “तो टायरमध्ये हवासुद्धा भरत नाही रे. मंगळवारी कामाची मुलाखत होती, गेला नाही. म्हणतो, आपल्याला काही येत नाही हे गावाला कळलंय.”

मी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवलं.

माझ्याकडे बागेतल्या नळीचा एक हातभर तुकडा आहे. एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावरून फिरवायचं. फटीतून हवा आत खेचली जात असेल तर फुसफुस ऐकू येते. स्प्रे मारून गळती शोधणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलो. नळी सगळीकडून फिरवली आणि सरळ झालो.

“गळती नाही. असती तर मला ऐकू आली असती. फिल्टरचंच आहे हे.”

गाडीचं दार उघडलं. कर्टिस खाली उतरला. “मिस्टर हडाक, मागे फुसफुसतंय की.”

“कुठे?”

त्याने लांबूनच बोट दाखवलं. मी नळीचं टोक नेमकं तिथे धरलं. काही नाही.

“हो रे, मलाही ऐकू येतंय,” थेल्मा म्हणाली. ती शाळेत माझ्याच वर्गातली, माझ्यासारखीच एकाहत्तर वर्षांची.

मी कपाटातून स्प्रे काढला आणि तिथे मारला. तो आत खेचला गेला आणि इंजिनाची थरथर एकदम बदलली, तळहाताला कळली. हात मागे घातला. रबराच्या वाकड्या नळीला नख जाईल एवढी चीर पडली होती. मशीनकडे पाहिलं. इंजिन नुसतं चालू असताना, चिरेतून शिरणाऱ्या हवेची भरपाई म्हणून, पेट्रोल पाव हिस्सा जास्त जात होतं, वेग वाढवला की आकडा जाग्यावर येत होता. सेन्सर घाण असता तर उलट झालं असतं. मागच्या वेळीही हे आकडे समोरच असणार. मी पाहिलेच नव्हते.

“तू बोलला का नाहीस तेव्हा?” मी कर्टिसलाच विचारलं.

“चर्चमध्ये सांगणार होतो. तुम्ही विनोद सांगत होता.”

मग मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. थेल्माकडे वळून मी म्हणालो, “आत्ताच चिरलेली दिसतेय ही. तेव्हा नव्हती.”

मी इंजिन बंद करून नळी काढली, ती कर्टिसने हातात घेतली. चिरेच्या कडांना जुना मळ साचून काळा पडला होता, तो त्याला दिसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. “हो मॉम,” तो म्हणाला. “या आठवड्यातल्या थंडीने चिरली असेल.”

तो मला वाचवत होता. धरणी दुभंगावी असं वाटलं मला.

“नाही,” मी म्हणालो. “थेल्मा, ही चीर जुनी आहे. फिल्टरचा दोष नव्हता आणि याचा तर नव्हताच नव्हता. मला ऐकू आलं नाही. दोन वर्षं झाली, बारीक आवाज येतच नाहीत मला.” हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

थेल्मा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “शुक्रवारी सांगशील हे? चर्चच्या तळघरात, सगळ्यांसमोर?”

“सांगेन.”

“विनोद न करता?”

“विनोद न करता.”

खणातून नवी नळी काढली आणि कर्टिसपुढे धरली. “तू बसव.” त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बाह्या वर सारल्या. त्याला वेळ लागला. दोनदा हात निसटला. मी तोंड उघडलं नाही.

त्याने इंजिन चालू केलं आणि बॉनेटखाली वाकून कान दिला. गळती थांबली की नाही ते मला कळणार नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो.