विमानं ऐकणाऱ्या रिसीव्हरची कैफियत

मित्रांनो, बोटाच्या दोन पेरांएवढं पत्र्याचं अंग, एका टोकाला यूएसबीची जीभ, दुसऱ्या टोकाला अँटेनाची वायर, आणि कामाला लागलो की असा तापतो की हात लावणारा "आई गं" म्हणून हात झटकेल. असा मी एक रेडिओ रिसीव्हर आहे, वयाने उतरलेला. माझ्या जातीत चार-पाच वर्षं टिकला की त्याला म्हातारा म्हणतात. मी त्याहून जास्त टिकलो. टिकल्याचं बक्षीस म्हणून आणखी काम मिळालं. ते सगळीकडे तसंच असतं.

माझा जन्म विमानांसाठी झालाच नव्हता. लॅपटॉपवर टीव्ही दिसावा म्हणून मला एका लांबलचक टेबलावर शेकडो भावंडांबरोबर घडवलं. पण लॅपटॉपवर टीव्ही बघायची हौस लोकांना फार काळ पुरली नाही. मग कुणा चौकस डोक्यांच्या लक्षात आलं, की या पोरांना टीव्हीशिवाय हवेतलं इतरही बरंच ऐकू येतं. झालं! शिकलो एक आणि पोट भरलं दुसऱ्यावर. तुमच्या एखाद्या काकांना विचारा, त्यांचंही तेच झालेलं असेल.

विमान उडताना गप्प बसत नाही. मी अमुक, इतक्या उंचीवर, या ठिकाणी, या दिशेला चाललोय, असं ते सारखं सांगत सुटतं. समोरचा ऐकतोय की नाही याची त्याला फिकीर नसते. मी ते ऐकतो आणि लॅपटॉपला सांगतो. लॅपटॉप नकाशावर एक चिमुकलं विमान काढतो. बघणारे म्हणतात, "वा, काय लॅपटॉप आहे!"

पुष्कळ दिवस मी एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात होतो. तो मला गिऱ्हाइकांपुढे नमुना म्हणून लावायचा आणि विकायचा दुसरेच. एके दिवशी तिथे दोघीजणी आल्या. धाकटी ड्रोन उडवायची. गोदामांच्या, कारखान्यांच्या छपरांवर कुठे भेग आहे, कुठे पत्रा उचकटलाय, ते वरून फोटो काढून मालकाला दाखवायचं, हा तिचा धंदा. थोरली तिची नणंद. ती शेजारी उभी राहून आकाशावर नजर ठेवायची. थोरली धाकटीला वहिनी म्हणायची, धाकटी थोरलीला वन्सं. मीही तेच म्हणतो, घरचाच झालो म्हणून.

त्यांच्या येण्याला कारण होतं. मागच्या महिन्यात एक हेलिकॉप्टर अचानक फार कमी उंचीवरून गेलं आणि ड्रोन त्याच्या फार जवळ सापडला. वैमानिकाने तक्रार केली. परवाना देणाऱ्या साहेबांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर परवाना रद्द." आणि परवाना गेला की घर बसलं, कारण घरात कमावणाऱ्या या दोघीच.

"जवळ आलेलं विमान आधी कळेल असं काहीतरी द्या," वहिनी म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने टेबलावर तीन रिसीव्हर मांडले. पहिला प्लास्टिकचा. "हा स्वस्त. पण तापला की भरकटतो." दुसरा निळा, नवा कोरा. "याच्या पोटात गाळणी आहे. विमानाचा आवाज तेवढा आत घेतो, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवतो." तिसरा मी. "हा जुना आहे, पण धडधाकट. सगळं ऐकतो."

"सगळं ऐकणारा बरा," वन्सं म्हणाल्या. "आमच्या घरात ऐकणारं कुणीच नाही."

"ताई, तुम्ही काम कुठे करता? जवळपास मोबाइलचा टॉवर वगैरे असतो का?"

"अहो, तुम्ही आमची मुलाखत घेताय की सामान विकताय?"

मित्रांनो, त्या टेबलावर विचारलेला तो एकच कामाचा प्रश्न होता, आणि तो हसण्यावारी गेला. माणसं वस्तू निवडताना वस्तूलाच उलटसुलट करून बघतात. ती जिथे राहणार ती जागा कुणी उलटसुलट करत नाही.

मला घेतलं. वर वन्संनी हट्टाने एक अ‍ॅम्प्लिफायरही घेतला, म्हणजे बारीक आवाज मोठा करून माझ्या कानात ओतणारं यंत्र. "घ्यायचंच तर पुरतं घ्यावं," त्या म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी माझी ऐकण्याची ताकद, जिला गेन म्हणतात, ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. पंखा, मिक्सर, रेडिओ, त्या सगळं शेवटच्या आकड्यावरच चालवायच्या.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. कामं गावाबाहेरच्या मोकळ्या माळांवर होती. तिथे हवेत इतर आवाजांची गर्दी कमी, त्यामुळे मी लांबलांबची विमानं पकडायचो. वन्सं आल्यागेल्याला दाखवायच्या, "हे बघा, दोन डोंगरांपलीकडचं विमान!" वहिनी मऊ फडक्याने माझं अंग पुसायची. कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण ते झालं.

या कौतुकात एक गोष्ट हळूच बदलली, आणि ती माझ्याशिवाय कुणाला दिसली नाही. मी येण्याआधी वन्सं ड्रोन उडण्यापूर्वी मान वर करून चारी बाजू बघायच्या, क्षणभर डोळे मिटून कानोसा घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "मोकळं." मी आल्यावर त्या खुर्चीत बसून स्क्रीन बघायला लागल्या. मान वर करायचे कष्ट वाचले. "मोकळं" मात्र त्याच आवाजात म्हणायच्या. वहिनीचा विश्वास त्या आवाजावर होता.

उन्हाळा वाढला. गाडीच्या टपावर चटके खात मी दिवसभर ऐकायचो आणि परत जाताना हत्यारांच्या पेटीत स्क्रू-पान्यांखाली पडून राहायचो. फडकं कधी थांबलं ते कळलंही नाही. माझी वायर वाकली, तिला चिकटपट्टी लागली. तक्रार करत नाही, नोंद करतो.

मग शीतगृहाचं काम आलं. भलंमोठं छप्पर, मोठं गिऱ्हाईक, जुळलं तर वर्षभराची कामं. शेजारच्याच इमारतीवर मोबाइलचा टॉवर होता, आणि पलीकडे एक मोठं हॉस्पिटल. हॉस्पिटलच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरायची जागा. पेशंट घेऊन ते तिथेच येतं.

मला लावलं, आणि मित्रांनो, काय सांगू! टॉवर कानाशी भोंगा लावून ओरडत होता. त्यातून तो अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे भोंग्याला आणखी एक भोंगा. गेन शेवटच्या टोकाला. मी ठार बहिरा झालो. वर विमानं बोलत असतील, पण माझ्या डोक्यात नुसता गलका. लॅपटॉपला सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. स्क्रीनवर एकही विमान आलं नाही.

"आज अगदी छान, स्वच्छ आहे," वन्सं म्हणाल्या. "मोकळं!"

ड्रोन वर गेला. वहिनीने छपराची एक कड पूर्ण केली, दुसरी घेतली. तिसऱ्या कडेला वळताना तिने कॅमेरा जरा वर उचलला, आणि हातातल्या पडद्यावर तिला निळ्या आकाशात एक पांढरी रेघ दिसली. खूप उंचावरून एक प्रवासी विमान चाललं होतं.

"वन्सं, ते विमान स्क्रीनवर आहे का?"

"कुठलं विमान?"

"वर बघा. ते, रेघ काढत चाललेलं."

वन्संनी किती दिवसांनी मान वर केली कोण जाणे. विमान बघितलं. स्क्रीन बघितली. पुन्हा विमान बघितलं. "अगं, हे तर इथे नाहीच."

"एवढं उघड्यावरचं दिसत नाही, तर खालचं काय दिसणार?" वहिनीचा चेहरा उतरला. "याला ऐकू येत नाहीये. मी उतरवते."

"अर्धं छप्पर राहिलंय. मालक तिकडे उभे आहेत, काय म्हणतील?"

"म्हणू देत."

ड्रोन खाली आला. जमिनीला टेकून त्याची पाती थांबताहेत तोच शीतगृहाच्या मागून घरघर उठली. हेलिकॉप्टर छपरावरून गेलं, नेमकं जिथे तिसरी कड होती तिथून. धुळीने सगळ्यांचे डोळे मिटले. स्क्रीन तेव्हाही रिकामीच होती.

वन्सं खुर्चीतून उठल्या आणि ते हॉस्पिटलच्या गच्चीवर उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

वहिनीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "गेन कितीवर आहे?"

"पूर्ण."

"आणि अ‍ॅम्प्लिफायर?"

"लावलाय."

"टॉवर?"

"शेजारी."

"मग तो बिचारा काय ऐकणार, ताई? आधी तो अ‍ॅम्प्लिफायर काढा. गेन खाली आणा. अशा जागी रोजचं काम असेल तर गाळणीवाला निळा घेऊन जा."

अ‍ॅम्प्लिफायर निघाला. गेन उतरला. गलक्यातून वाट काढत त्या पांढऱ्या रेघेच्या विमानाचा आवाज माझ्यापर्यंत आला आणि नकाशावर ते उमटलं. इतक्या दिवसांत प्रथमच वन्संनी त्याचं कौतुक केलं नाही. त्या वर बघत होत्या.

"आपण निळा घेऊ," वहिनी म्हणाली.

"घेऊ," वन्सं म्हणाल्या. "पण आधी त्या हॉस्पिटलात फोन कर. आपण इथे उडवतोय म्हणून सांग, मघाशी काय झालं तेही सांग."

"तेही? परवाना जाईल, वन्सं."

"जाऊ दे. त्या हेलिकॉप्टरात कुणाची तरी वहिनी असेल."

वहिनीने फोन केला, काही न लपवता सांगितलं. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "हेलिकॉप्टर निघालं की मी तुम्हाला फोन करीन, बाई. हे आधीच विचारलं असतं तर? तक्रारीचं वैमानिक ठरवतील."

परवान्याचं अजून काही ठरलेलं नाही. साहेबांचं पत्र येईल म्हणून रोज सकाळी दोघी टपालाची वाट बघतात. निळा आलाय, टॉवरजवळच्या कामांना तो जातो. माळावरच्या कामांना अजून मीच. वाटलं होतं आता सुटका होईल. कसली सुटका!

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. दिवसभर ऐकणारं, तापणारं, पेटीच्या तळाशी पडणारं. त्याला सावलीत ठेवा, त्याची वायर वाकवू नका, एवढं तर मागतोच. पण त्याच्या कानात हवं तेवढं ओतून वर ते गप्प बसलं म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. उठा, वर बघा, शेजाऱ्याला विचारा. थकलेला माणूस असो की यंत्र, तो गप्प झाला की बाकीच्यांना फार सोयीचं वाटतं. नेमकं तेव्हाच त्याच्याजवळ जाऊन विचारायचं असतं, "तुला ऐकू येतंय ना रे?"