हेरिंगचा तिरपा काप

लग्न झालं त्या वर्षापासून एल्ना बोट चालवायची आणि आर्विड आमिष कापायचा. ही वाटणी कुणी ठरवून केली नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात, कोलंबिया नदीच्या मुखाशी भरतीचं पाणी चढत असताना, आर्विडनं सुकाणू तिच्या हाती दिलं आणि स्वतः मागच्या फळीवर बसून हेरिंग या छोट्या चंदेरी माशांची मुंडकी उडवायला लागला. ते तसंच बेचाळीस वर्षं चाललं. तिनं चुकून सुरीला हात लावलाच तर तो म्हणायचा, "तू पुढे बघ. आदळशील कुणावर तरी."

आता आर्विड गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होता. आधी तो किल्ल्या विसरायला लागला, मग रस्ते, मग मुलीचं नाव. मार्चमध्ये एका सकाळी त्यानं एल्नाकडे पाहून नम्रपणे मान झुकवली, जशी परक्या बाईला पाहून झुकवतात, आणि तेव्हापासून ती त्याच्या लेखी परकीच राहिली. मुलगी फिनिक्सला असते. दर रविवारी फोन करून म्हणायची, "आई, बोट विकून टाक आता." एल्ना म्हणायची, "बघू." मग फोन ठेवून, दोघांच्या मापानं केलेली कॉफी एकटीच दुपारपर्यंत पीत बसायची.

ऑगस्ट लागला. चिनूक जातीचे मोठाले सॅल्मन समुद्रातून नदीत शिरायला लागले आणि बंदराच्या धक्क्यावर पहाटेपासून गाड्यांची रांग लागली. एल्ना चार दिवस खिडकीतून ती रांग बघत राहिली. पाचव्या दिवशी तिनं बोटीवरचं कापड काढलं आणि डॅरिलच्या दुकानात गेली.

डॅरिल तिच्याच वर्गातला. गळ, शिसं, तंगूस, सगळं त्याच्या भिंतीवर टांगलेलं असे.

"काय लावणार आहेस?" त्यानं विचारलं. "अख्खं हेरिंग की कापलेलं? की फिरकी?"

"आर्विड काय लावायचा?"

"ते मला कशाला विचारतेस? बोटीवर तू होतीस."

"मी पुढे बघत होते," एल्ना म्हणाली.

डॅरिल हसायला गेला आणि थांबला. त्यानं तिच्यासमोर गोठवलेल्या हेरिंगची एक पेटी ठेवली, दोन गळ बांधलेले काही तयार दोर ठेवले आणि मासे लांबून खेचून आणणारी एक चकाकती तिकोनी पट्टी ठेवली. मग जराशा विचारानं एक हिरवी-लाल पितळी फिरकीही काढली. "कापाकापी जमली नाही तर ही लाव. हिला अक्कल लागत नाही."

अक्कल लागत नव्हती, पण मासाही लागला नाही. एल्ना तीन दिवस बोट घेऊन गेली. तिनं कापलेलं हेरिंग पाण्यात ओल्या मोज्यासारखं लोळायचं, नाहीतर सरळ काठीसारखं ओढलं जायचं. फिरकीला शेवाळ तेवढं भरपूर मिळालं. आजूबाजूच्या बोटींवर जाळी उचलली जात होती, माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. प्रत्येक बोटीत दोघं-तिघं. एकटं असं कुणी नव्हतंच. तिसऱ्या दिवशी दुपारी परत येताना तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून एक शब्दही बोललेलो नाही.

गुरुवारी ती शुश्रूषागृहात गेली ती डब्यात सहा हेरिंग घेऊन.

मारिसोल नावाची एक मुलगी तिथं आर्विडची देखभाल करायची. तिनं डब्याचं झाकण उघडून नाक मुरडलं. "सुरी चालणार नाही हं, मॅडम. नियम आहे."

"जेवणाच्या टेबलावरची बोथट चालेल?"

मारिसोलनं जरा विचार केला. "मागच्या व्हरांड्यात बसा. खाली वर्तमानपत्रं घाला. वास आला तर मी काही पाहिलेलं नाही."

आर्विड व्हरांड्यात उन्हाकडे तोंड करून बसला होता. एल्नानं त्याच्यासमोर कागद पसरला आणि मासे मांडले. त्यानं एक उचलला, बोटानं पोट दाबलं.

"मऊ पडलेत," तो म्हणाला. मग तिच्याकडे वर पाहिलं. "तुम्ही कुणाच्या बोटीवर?"

बेचाळीस वर्षं हा माणूस तिला 'तू' म्हणत होता. भांडतानासुद्धा. एल्नानं खुर्ची जवळ ओढली.

"माझीच बोट आहे," ती म्हणाली. "पण मला आमिष कापता येत नाही. तुम्ही दाखवाल का?"

"मिठात ठेवले नव्हते का हे?"

"नाही. किती घालायचं मीठ?"

आर्विडनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. जाडं मीठ, मूठभर नाही, चांगलं वाटीभर. अर्धी वाटी दुधाची पावडर. आणि नीळ."

"नीळ?"

"कपड्यांना घालतात ती. चार थेंब. रातभर ठेवायचं. खवले घट्ट धरतात आणि पाण्यात आरशासारखे चमकतात. बायकोच्या बाटलीतून घेतो मी. तिला पत्ता नाही."

तिला खरंच पत्ता नव्हता. नीळ इतकी लवकर कशी संपते म्हणून तिनं वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताला दोष दिला होता.

त्यानं बोथट सुरी हातात घेतली. सकाळी हाच हात शर्टाचं बटण शोधत चाचपडत होता, असं मारिसोल म्हणाली होती. आता तो माशाच्या कल्ल्यामागे न अडखळता थांबला. "असा तिरपा. आणि सुरीही आत तिरपी धरायची. दोन तिरपे, कळलं? एक जमला आणि दुसरा चुकला की मासा लोळतो."

"माझा लोळतो."

"लोळणारच." त्यानं आतडी काढली. "वरचा गळ पोटातून आत घालायचा, कण्याला लागून बाहेर काढायचा. खालचा मोकळा सोडायचा. आणि सोडण्याआधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघायचं. गिरमिटासारखं भर्रकन फिरलं तर छोटे कोहो सॅल्मन येतील. चिनूकला घाई आवडत नाही. त्याला सावकाश वळणारं पाहिजे, दुखापत झालेल्या माशासारखं."

सहाही मासे कापून होईपर्यंत तो बोलत राहिला. इतकं तो बरा असतानाही कधी बोलला नव्हता. मग हात पुसत त्यानं विचारलं, "बरोबर कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग बोट कोण चालवतं?"

"मीच."

"तर मग कठीण आहे," आर्विड म्हणाला. "आमिष काय, कुणीही कापेल. बोट चालवणारं माणूस मिळत नाही. माझी बायको चालवते. दोनशे बोटी, भरतीचा लोंढा, पण तंगूस कधी ढिला पडला नाही की फार ताणला नाही. मला एकदाही मान वळवून बघावं लागलं नाही. लोक म्हणतात आर्विडला मासे मिळतात. अर्धेअधिक तिचे."

एल्नानं कागदाच्या कडा दुमडल्या. "तिला सांगितलंत कधी?"

"छे. डोक्यावर बसली असती." तो हसला. "येईलच आता. बोटीचा ट्रेलर लावायला गेलीय."

"नाव काय हो तिचं?"

आर्विडचा चेहरा क्षणभर कोरा झाला. त्यानं टेबलावरच्या माशांकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "ते नाही सांगणार," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन तिला सांगाल."

गाडीत बसल्यावर एल्नानं किल्ली लावली, पण गाडी सुरू करायला तिला बराच वेळ लागला.

दोन दिवस तिनं स्वयंपाकघरात मासे कापले. न्हाणीघरातला टब भरून, गुडघ्यावर बसून, एकेक मासा पाण्यातून ओढून पाहिला. अकरावा सावकाश वळला. शनिवारी तिनं फिरकी पेटीत राहू दिली, चकाकती पट्टी लावली, तिच्यामागे पाच फुटांचा दोर सोडला आणि निळसर चमकणारं हेरिंग बोटीच्या कडेला धरून पाहिलं. ते वळलं. तिनं ते खाली जाऊ दिलं.

नऊच्या सुमाराला गळाची काठी एकदा वाकली, सरळ झाली आणि मग पाण्यापर्यंत खाली गेली.

ही वेळ दोघांची असते. एकानं काठी धरायची, दुसऱ्यानं बोट सांभाळायची आणि शेवटी जाळं घालायचं. एल्नानं काठीचा दांडा पोटाला टेकवला आणि सुकाणू ढोपरानं ढकलत बोट गर्दीतून बाहेर काढली. मासा दोनदा समुद्राकडे पळाला. तिनं पळू दिलं. पळणाऱ्या माशामागे बोट कशी न्यायची हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वीस मिनिटांनी तो कडेला आला, तिच्या हाताएवढा लांब, जाड. जाळं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

मग तिनं वाकून त्याची पाठ पाहिली. शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता. पैदाशीच्या तळ्यातून सोडलेल्या माशांचा तो कापलेला असतो आणि तेवढेच ठेवायचे असतात. हा नदीचा होता. त्याला बोटीतही घ्यायचं नसतं.

तिनं जाळं पाण्यातच धरून पकडीनं गळ सोडवला. मासा दमला होता. शेपटीशी धरून, तोंड प्रवाहाकडे करून तिनं त्याला पाण्यात स्थिर ठेवलं. थंडीनं बोटं बधिर झाली. मग त्यानं एक झटका दिला आणि तो गेला.

जवळच्या बोटीवरची माणसं आपापल्या काठ्यांकडे बघत होती. एल्नानं मागच्या फळीकडे पाहिलं. तिथं रिकामी बादली होती.

पुढच्या गुरुवारी तिनं आर्विडला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"केवढा होता?"

"तीसेक पौंडांचा असेल."

"आणि एकट्यानं काढलात? मग सोडलात?" त्यानं मान हलवली. "बाई, मासेमारीत खोटं बोलायलासुद्धा साक्षीदार लागतो."

एल्ना मोठ्यानं हसली. तोही हसला, खूश होऊन, परक्या बाईला हसवल्याबद्दल. मग म्हणाला, "कशावर घेतला?"

"हेरिंगवर."

"कापता येतं तुम्हाला?"

"नाही," एल्ना म्हणाली आणि डबा उघडला. "दाखवता का?"

सप्टेंबर संपेपर्यंत ती दर गुरुवारी गेली. दर वेळी त्यानं मीठ सांगितलं, दूध सांगितलं, इकडेतिकडे बघून नीळ सांगितली. मासे कापून होईपर्यंत ती वाट बघायची. पण बायकोचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. शेवटच्या गुरुवारी तिनंच विचारलं, "तुमची बायको बोट छान चालवते म्हणे?"

आर्विड सुरी पुसत होता. "कोण म्हणालं?" त्यानं विचारलं. आणि पुढचा मासा उचलून म्हणाला, "इकडे लक्ष द्या. असा तिरपा."