रडक्या चेहऱ्यामागचे अकरा प्रश्न

ताईचं ऑफिस म्हणजे दुसऱ्यांच्या मनाची काळजी वाहून स्वतःची झोप उडवून घेतलेल्या सात माणसांची खोली. अठरा ते पंचवीस वयाच्या पोरांसाठी तिथं एक अ‍ॅप बनत होतं. रोज सकाळी फोन विचारणार, आज कसं वाटतंय? खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. चेहरे ताईनंच काढलेले. रडक्याच्या भुवया जमेपर्यंत तिनं आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

चाचणीला तीस पोरं घेतली होती, आणि ज्यानं रोज जो चेहरा दाबला त्याची रेघ ऑफिसातल्या पडद्यावर उमटायची. त्यांत ताईची धाकटी बहीण होती, मुंगी. शिकायला याच शहरात आलेली, पण दोन बस बदलून जावं लागे अशा ठिकाणी खोली घेऊन राहणारी. माझी रेघ बघ खुशाल, असं तिनंच सांगून ठेवलं होतं. ऑफिसात पोचली की ताई आधी ती रेघ बघायची. सव्वीस दिवस हसरा चेहरा, रेघ हिरवीगार. मग फोन कशाला करायचा? पूर्वी दिवसाआड व्हायचा तो फोन महिनाभर झालाच नव्हता. रेघ बघितली की बहीण भेटल्यासारखं वाटायचं. असल्या समाधानाला खरं तर जोड्यानं मारलं पाहिजे.

गुरुवारी दवाखान्यांची माणसं अ‍ॅप बघायला येणार होती. ऑफिसचे मोठे सर म्हणाले, रेघा छानच आहेत, पण एखादं पोर समोर येऊन बोललं तर काम फत्ते. मग सोमवारी भर दुपारी ताई न कळवता मुंगीकडे गेली, तिला बोलायला तयार करावं म्हणून.

दार उघडायला मुंगीनं फार वेळ लावला. आत पडदे ओढलेले. केसांचा नुसता गुंता. घरातले सगळे कप टेबलावर जमलेले, एकात बुरशी. कॉलेजात कधी गेली होतीस, असं विचारल्यावर भिंतीकडे बघत तिनं सांगितलं की तीन आठवडे झाले.

ताईला आधी रागच आला. "मग रोज हसरा चेहरा कुणाच्या नावानं दाबत होतीस?"

"ताई, रडका दाबला की अकरा प्रश्न येतात. झोप किती, भूक किती, एक ते दहात सांगा. मी रडू की पेपर सोडवू? हसरा दाबला की लगेच सुटका."

ते अकरा प्रश्न ताईनंच घातले होते, मोठ्या मायेनं, दुःखी पोराची नीट विचारपूस व्हावी म्हणून. आनंदी माणसाला कशाला छळा, म्हणून हसऱ्यामागे एकही नाही. सात शहाण्यांनी ते शंभरदा तपासलं होतं. पण रडका चेहरा खरोखर रडताना त्यांतल्या कुणीच दाबला नव्हता.

"मग मी तिथं काय ठेवायला हवं होतं गं?"

"काही नको. तू यायला हवं होतंस."

ताईनं मुंगीला जवळ घेतलं, आणि मुंगी एवढी रडली की ताईचा खांदा भिजून गेला.

मग ताईनं तिथूनच सरांना फोन लावला आणि सांगितलं की रेघा खोट्या आहेत, गुरुवारचं रद्द करा. एका मुलीवरून एवढं? असं त्यांनी विचारलं. उरलेल्या एकोणतीस जणांना रडक्या चेहऱ्याबद्दल विचारून बघा, असं म्हणून ताईनं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत सरांनी विचारलं. सतरा जणांनी तेच सांगितलं. गुरुवार रद्द झाला. सर दोन दिवस ताईशी बोलले नाहीत, पण अकरा प्रश्न काढून टाकायचं काम त्यांनी स्वतः अंगावर घेतलं.

बुधवारी मनाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. बाहेरच्या बाकावर मुंगी ताईला चिकटून बसली होती. केस धुतलेले, नखं मात्र अजून कुरतडत होती.

"तू म्हणशील तर आत येते, नाहीतर इथंच बसते," ताई म्हणाली.

मुंगीनं नखं कुरतडणं थांबवलं. "ये. पण माझ्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत."

ताईच्या ओठांवर तीन वाक्यं आली. तिन्ही गिळून ती मुंगीच्या मागोमाग आत गेली.