श्वास घेणारा आकडा

मी टाँग टेस्टर बोलतोय. तारेला जबड्यात धरायचं आणि तिच्यातून किती वीज वाहते ते सांगायचं, एवढंच माझं काम. तार तोडावी लागत नाही की सोलावी लागत नाही. ती माझ्या तोंडातून जाते आणि काचेवर आकडा उमटतो.

कासार आंबोलीच्या कुशाबा वायरमनने मला पुण्यातून आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. कुशाबा चौथी शिकलेला. पण व्होल्टला अँपिअरने भागलं की विजेच्या वाटेतला अडथळा कळतो आणि गुणलं की वॅट कळतात, एवढं त्याला पक्कं ठाऊक. भिंतीवर पेन्सिलीने मांडायचा. दोनशे तीस व्होल्ट, चार अँपिअर. भागून साडेसत्तावन्न ओहम, गुणून नऊशे वीस वॅट. "इस्त्री हाय," असं म्हणून मान हलवायचा. खोलीत न डोकावता.

गेल्या मार्गशीर्षात, धुकं दाटलेल्या एका सकाळी, सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या एका बंगल्यावर राखणदार भिवाजीने त्याला बोलावलं. मालक येणार होते, वायरिंग तपासायचं होतं. सगळी बटणं बंद केली. कुशाबाने मला एकेका तारेला लावलं. शून्य. शून्य. बोर्डामागच्या एका काळ्या वायरीवर मात्र दहा मिलिअँपिअर दिसले.

कुशाबाने मांडलं. तेवीस हजार ओहम, सव्वादोन वॅटच्या जरा वर.

"एवढ्यावर हितं काय चालतंय रं, भिवा?"

"कायबी न्हाई, तात्या. मीटर म्हातारं झालंय, तुमच्यावानी."

मी बिघडलो नव्हतो. आकडा नऊ झाला, अकरा झाला, पुन्हा नऊ. सावकाश. इस्त्री अशी हलत नाही. माझ्या तोंडात कुणीतरी श्वास घेत होतं.

कुशाबाची पेन्सिल थांबली. "ही वायर कुटं जातीया?"

"कुंपनाला. डुकरं घुसत्यात म्हनून रातीला सोडतो. आज बंद करायची..." भिवाजीचं तोंड उघडंच राहिलं.

"शारदा कुटं हाय?"

शारदा, भिवाजीची बायको, कुंपणालगतच्या झाडांना पाणी घालायला गेली होती.

कुशाबाने मेन खाली ओढला. शून्य. सुटलेल्याचा आकडा शून्यच असतो आणि मेलेल्याचाही. मला वायरीवर लोंबकळत ठेवून दोघे धुक्यात पळाले.

त्यांनी तिला उचलून आणलं. जिवंत होती. पायांत गमबूट होते म्हणूनच अडथळा तेवढा मोठा राहिला होता. मूठ काही केल्या उघडत नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं बोलली ते हे:

"तितं मला कोनतरी मोजत हुतं."



वायर त्याच दिवशी निघाली. आता माझी काच तडकलीय, स्प्रिंग ढिली झालीय. परवा शारदा कुशाबाच्या ओट्यावर आली. मला उचललं, जबडा उघडून मनगट आत घातलं.

"किती हाय, तात्या?"

"झिरो."

"म्हंजी मी..."

"म्हंजी तुजं समदं तुज्यापाशीच हाय, पोरी. भाईर कायबी जात न्हाई."

तिने हात काढला नाही. तिची नाडी माझ्या जबड्याला लागत होती आणि काचेवर शून्यच होतं.

बाबांनो, कुंपणात वीज सोडू नका. प्रत्येक कुंपणावर मला कुणी लावत नाही.